आपल्या धबधब्याविषयी

(१९८२ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, पण फारसं बदललेलं नाही.)



संयोजकांनी मला कार्यक्रमपत्रिकेत ‘दोन शब्द’ एवढीच जागा दिली आहे. पाटबंधाऱ्याच्या खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन शब्दांत बोलता येत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी दिली. तेव्हा पंधरा मिनिटं घेतो. ज्यांचे गुडघे कालच्या चढाने अजून बोलतायत त्यांनी पाय लांब करून बसावं, गुरुजन रागावणार नाहीत.

काल आपण चाळीस-बेचाळीस जण रानातल्या धबधब्यावर जाऊन आलो. औंढ्याचा रस्ता सोडल्यापासून तासभर पायवाट. साग पानांनी भरलेला, खाली टणटणी आणि कुसळं, मधेच रोह्यांच्या खुरांचे ठसे. पुण्याहून आलेल्या दोघांनी ते गाईचे समजून सोडून दिले. पाणी चांगलं होतं. सगळे भिजले. ज्यांनी ‘मी नाही बाबा’ म्हणून चपला हातात धरल्या होत्या तेच सगळ्यात आधी धारेखाली गेले. रात्री जेवताना तोच विषय, आणि आठवणींना ऊत आलेला. एक म्हणाला, आठवीच्या सहलीत आपण याच धारेखाली अंघोळ केली, आणि अमक्याची टोपी वाहून गेली. दुसरा म्हणाला, टोपी नाही, डबा. तिसरीनं सांगितलं की मुलींना बाईंनी खाली येऊच दिलं नव्हतं, आम्ही वरून धबधबा पाहिला.

मी गप्प ऐकत होतो. कारण आपले भूगोलाचे सर, जे इथे पहिल्या रांगेत बसले आहेत आणि ज्यांचं वय मी सांगणार नाही, त्यांनी एक फोटो जपून ठेवला आहे. १९७९ चा श्रावण, आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेला. मागच्या टेबलावर त्याची मोठी प्रत लावली आहे, चहाच्या वेळी बघा. आपण सगळे आहोत त्यात. खाकी चड्ड्या, दोन वेण्या, एकाच्या नाकाला शेंबूड. मागे तलावाचा बांध दिसतो, डाव्या हाताला सांडव्याची भिंत, आणि तिच्या खाली मुरमाच्या उतारावरून पसरट घसरत गेलेलं पाणी, शेतातल्या पाटाला असतं तेवढं. धबधबा नाही.

फोटोत कडेला राहिलाय, झाडाआड लपलाय, असं काही नाही. तो नव्हताच. १९७९ साली त्या जागेवर धबधबा नव्हता. टोपी वाहून गेली असेल, मी नाही म्हणत नाही. पण ती उतारावरून गेली.

मग तो आला कुठून, हे सांगायला मी उभा आहे. आणि त्यातून एक काम निघतं, तेही सांगायचं आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आपण सात-आठ वर्षांचे होतो. त्या वर्षी काय झालं हे आपल्याला पोटातून माहीत आहे, पुस्तकातून नाही. लाल मिलो, सुकडी, आणि रानात पसरलेली माणसं. त्या दुष्काळात महाराष्ट्रात सरकारी दुष्काळी कामांवर ऐन भरात पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. आपला जिल्हा तेव्हा परभणी, हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ ला, आपल्या दाखल्यांवर अजून परभणीच आहे. आणि परभणीच काय, सगळ्या मराठवाड्यात जी कामं निघाली त्यांत रस्ते, खडी फोडणं, नालाबांध, आणि पाझर तलाव. पुढे याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. वि. स. पागे त्याच्यामागे किती वर्षं लागले होते ते इतिहासाच्या सरांना विचारा.

रानातला आपला तलाव त्याच वर्षीचा. मस्टरवर कुणाकुणाचे अंगठे होते हे मी कुठून दाखवणार? पण माझी माय त्या कामावर होती. तुमच्यातल्या कितीतरी जणांची होती. ज्यांच्या घरी आठ-दहा एकर रान होतं त्यांच्याही घरच्या बाया होत्या, कारण रान असून उपयोग काय, त्यात उगवलंच नव्हतं. मला आठवतं ते एवढंच की पळसाच्या फांदीला झोळी बांधलेली असायची आणि तिच्यात माझी धाकटी बहीण. माय टोपलं भरून बांधावर चढायची, उतरताना झोळीला एक धक्का द्यायची. बांध तसाच चढत गेला, टोपल्या टोपल्यानं. मधे काळ्या मातीचं पोट, दोन्ही अंगांनी मुरूम, पाणी मारून धुम्मस, आणि पाण्याच्या अंगाला दगड रचलेला. यंत्र म्हणून त्या कामावर मी काही पाहिलेलं नाही. एक बैलांचा रूळ होता.

आता थोडी मास्तरकी करतो. पाझर तलाव म्हणजे सिद्धेश्वर किंवा येलदरी नव्हे. पूर्णेवरच्या त्या धरणांना दारं आहेत, कालवे आहेत, येलदरीला तर साडेबावीस मेगावॅटचं वीजघर आहे. पाझर तलावाला यातलं काहीच नसतं. दार नाही, कालवा नाही. पाणी अडवायचं आणि जमिनीत मुरू द्यायचं, एवढंच त्याचं काम. बाकीच्या धरणात तळातून पाणी झिरपलं तर अभियंत्याची झोप उडते. इथे झिरपलं नाही तर उडते. ते झिरपलेलं पाणी खालच्या शिवारातल्या विहिरींत निघतं. कुठल्या विहिरीत किती, हे कागदावर दाखवता येत नाही, म्हणून अशा तलावांचं कौतुकही कमी होतं.

पण पोट भरल्यावर जास्तीचं पाणी जायला वाट लागते. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध संपला, काही तासांचा खेळ. म्हणून बांधाच्या एका टोकाला, पक्की जमीन बघून, सांडवा ठेवतात. रुंद चर, आडवी दगडी भिंत, तिच्यावरून जास्तीचं पाणी जातं आणि फेरा घेऊन पुन्हा मूळ नाल्याला मिळतं. औंढ्याला देऊळ फिरल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, नामदेवांच्या कीर्तनासाठी. आपल्या आयांनी नाला फिरवला. त्याची कथा कुणी सांगत नाही, कारण त्यांनी तो मजुरीवर फिरवला.

तो सांडवा जिथे नाल्याला मिळतो तिथे सुरुवातीला हातभर उंचीची पायरी होती. सांडव्याचं पाणी वरच्या पातळीवरून येणार, नाला खोल, त्यामुळे तेवढी पायरी पडणारच. १९७९ च्या फोटोत ती येत नाही, कारण ती खूप खाली, झुडपांत होती. तिथून पुढची गोष्ट पाण्याची आहे.

आपल्याकडचा दगड भजीच्या पानासारखा थरांचा आहे. वर काळा कठीण पाषाण, खाली मऊ मुरूम किंवा तांबडी गेरूसारखी माती, पुन्हा पाषाण. लाव्हा थांबून थांबून आला, त्याचे हे थर. पाणी पायरीवरून खाली पडलं की खालचा मऊ थर कोरतं. वरचा पाषाण छज्जासारखा लोंबतो. दोन-चार पावसाळे लोंबतो आणि एका रात्री तुटून पडतो. पायरी तेवढी मागे सरकली. मागे सरकली म्हणजे उताराच्या वरच्या अंगाला गेली, म्हणून तेवढी उंचही झाली. मग पाणी जास्त जोरात पडतं, जास्त कोरतं. हातभर पायरी कमरेएवढी झाली, कमरेएवढी पुरुषभर झाली. आज एकावर एक अशी तीन माणसं उभी करावी लागतील एवढी आहे. काल आपण ज्या डोहात उभे होतो तो डोह त्या कोरण्याचाच खड्डा आहे, आणि ज्या मोठमोठ्या दगडांवर बसून चिवडा खाल्ला ते तुटून पडलेले छज्जे.

आपला अमेरिकेतला मित्र काल फोटो काढताना म्हणाला, अरे हा तर मिनी नायगारा. तो चेष्टेत म्हणाला, पण त्याचं बरोबर होतं. नायगाराही असाच मागे सरकतो. वर कठीण थर, खाली मऊ. बारा-एक हजार वर्षांत तो सुमारे अकरा किलोमीटर मागे आला आहे. १९६९ साली तिथल्या लष्करी अभियंत्यांनी अमेरिकन बाजूचं पाणी काही महिने अडवून धबधबा कोरडा केला, आणि दगडाची तपासणी केली. पायथ्याशी पडलेले दगड उचलावेत की नाही यावर बराच खल झाला आणि शेवटी ते जागेवरच राहू दिले. बराचसा प्रवाह वीजनिर्मितीकडे वळवल्यामुळे सरकण्याचा वेगही मंदावला आहे. तेव्हा नायगाराची तुलना चालेल. फक्त एक फरक. नायगाराच्या पाठीमागे कुणाच्या मायनं बांधलेली भिंत नाही.

मी नोकरीला लागल्यावर एका मे महिन्यात, नाला कोरडा असताना, पट्टी टाकून सांडव्याच्या भिंतीपासून धबधब्याच्या ओठापर्यंतचं अंतर मोजलं. खात्याचं काम म्हणून नाही, सुट्टीत, मामाच्या पोराला पट्टीचं दुसरं टोक धरायला लावून. तेव्हा ते एकोणपन्नास मीटर भरलं. तेव्हापासून दर चार-पाच वर्षांनी मोजत आलो. यंदा मेमध्ये चौदा मीटर होतं. पाऊस सारखा नसतो, कधी एक धो-धो आठवडा पाच वर्षांचं काम करतो, कधी चार वर्षं काहीच होत नाही. त्यामुळे भिंतीपर्यंत तो कोणत्या साली पोचेल हे सांगणारा माणूस तुम्हाला भेटला तर त्याच्याकडून हात दाखवून घेऊ नका. पण दिशा एकच आहे. आणि भिंतीचा पाया ज्या थरावर आहे त्याच थराखालचा मुरूम आता उघडा पडला आहे. काल धारेच्या आत, डाव्या बाजूला, ती तांबडी पट्टी कुणी पाहिली? दोघींनी पाहिली आणि म्हणाल्या, किती सुंदर रंग आहे. रंग सुंदर आहे खरा.

भिंतीखालचा मुरूम गेला की भिंत बसते. भिंत बसली की सांडव्याची पातळी खाली जाते आणि तलाव तेवढा रिकामा होतो. त्याहून वाईट म्हणजे पाण्यानं बांधाच्या टोकाकडे वळण घेतलं तर बांधच जातो, आणि तो जाताना खालच्या शिवारातली माती घेऊन जातो.

इथे मला एक विषयांतर करायचं आहे, रागावू नका. माणसानं केलेले धबधबे वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही. आपल्या मराठवाड्यातच नळदुर्गाचा किल्ला आहे. बोरी नदीवर किल्ल्याच्या आत बंधारा, त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, आणि नदी भरली की बंधाऱ्यावरून दोन धारा पडतात, नर आणि मादी. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं काम. मी तीनदा गेलो आहे, एकदा पाणी असताना. पाणीमहालाच्या खिडकीत उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा जातो आणि आतला माणूस कोरडा. चारशे वर्षं झाली, बंधारा उभा आहे. का? कारण पाणी कुठे पडणार, किती उंचीवरून, कशावर आदळणार, हे बांधणाऱ्यानं आधी ठरवलं होतं. त्यासाठी दगडी मार्ग बांधले. तिकडे नगर जिल्ह्यात भंडारदऱ्याला विल्सन धरण आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं. त्याच्या मोरीतून सोडलेलं पाणी एका गोल कातळावर पडून छत्रीसारखं पसरतं, अंब्रेला फॉल म्हणतात त्याला. तिथेही खाली कातळ आहे, आणि पाणी सोडायचं की नाही हे माणसाच्या हातात आहे.

आपला धबधबा तसा नाही. तो कुणी आखला नाही. दुष्काळात तलावाला पैसे होते, सांडव्याच्या खालच्या वाटेला नव्हते, किंवा असतील तर ते पुढच्या कामाला गेले. मी त्या लोकांना दोष देत नाही. माणसं जगवायची होती, आणि त्यांनी जगवली. पुढची पन्नास वर्षं तिकडे बघण्याचं काम दुसऱ्यांचं होतं. आता एक कार्यालय म्हणतं, जमीन वनाची आहे. दुसरं म्हणतं, तलाव आमच्या यादीत नाही. मी दोन्हीकडे आयुष्य काढलेल्यांबरोबर चहा पिऊन आलो आहे. माणसं वाईट नाहीत. यादी वाईट आहे.

आता कामाचं. आपल्या तुकडीनं तीन वर्षांत जी वर्गणी जमवली ती कशाला लावायची, यावर काल रात्री बारापर्यंत वाद झाला. व्यासपीठावर वाद मांडू नये म्हणतात, पण हा मांडायलाच हवा, कारण पैसे सगळ्यांचे आहेत.

एक प्रस्ताव असा आहे की धबधब्यापर्यंत पायऱ्या, लोखंडी कठडा, फोटो काढायला एक चौथरा, कमान, आणि कमानीवर आपल्या तुकडीचं नाव. प्रस्ताव मांडणारा आपला मित्र गावातच राहतो, आपल्यापैकी बहुतेकांसारखा गाव सोडून गेलेला नाही, म्हणून त्याचं म्हणणं मी त्याच्याच शब्दांत सांगतो. तो म्हणाला, “तुमी दोन दिवसासाठी येता आन् जाता. गावात पोरं बसून हाईत. रविवारी दोनशे गाड्या यायल्यात. च्याची टपरी, भुट्टे, पार्किंग, दहा घरं चालतील. उद्या दुधाळ्याला लायगो झालं की बाहेरची माणसं येणारच. त्यांना दाखवायला आपल्याकडं देऊळ सोडलं तर दुसरं काय हाय?”

यात चूक काय आहे? काही नाही. लायगोचंही बरोबर आहे. औंढ्याजवळ दुधाळ्याला चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा व्हायची आहे. मे २०२३ मध्ये पायाभरणी झाली. अब्जावधी वर्षांपूर्वी कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली त्याची थरथर ती टिपणार. जागा आपली निवडली ती इथली जमीन शांत आहे म्हणून. आपल्या शाळेच्या मधल्या सुट्टीचा अनुभव असलेल्या कुणालाही हे पटणार नाही, पण शास्त्रज्ञांनी मोजून ठरवलं आहे. तेव्हा माणसं येतील.

दुसरं म्हणणं आपल्या एका मैत्रिणीचं. ती काल धबधब्याखाली आलीच नाही, वर सांडव्याच्या भिंतीवर बसून राहिली. मला वाटलं पाय दुखतायत. जवळ गेलो तर भिंतीचे सांधे बोटानं चाचपत होती. तिचं सासर तलावाच्या खालच्या शिवारात आहे. नवरा गेल्यापासून चार एकर तीच बघते, दीड एकर हळद असते. ती म्हणाली, हळदीला संक्रांतीपर्यंत पाणी द्यावंच लागतं, आणि माझी विहीर होळीपर्यंत आटत नाही. बांधाच्या पलीकडच्या शिवारात, जिथे या तलावाचं पाणी पोचत नाही, तिथे दिवाळीलाच तळ दिसतो. तिकडे सोयाबीन निघालं की रान मोकळं. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन मिळालं, बाजारात नाव झालं, सगळं खरं. पण पाणी नसेल तर मानांकन कशाला लावू? मग तिनं मला विचारलं, “ही भिंत अजून किती वर्षं?” तिची आई आणि माझी माय एकाच टोळीत होत्या.

मी काय म्हणतो ते आता सांगतो, आणि हे माझं मत आहे, संयोजकांचं नाही.

पैसे सांडव्याला लावावेत. काम काय? डोह मोठ्या दगडांनी भरायचा. ते दगड तिथेच पडले आहेत, बाहेरून आणायला नकोत. धारेच्या पायथ्याला तारेच्या जाळीत दगड भरून भक्कम गादी करायची. ओठापासून खाली एका उडीऐवजी चार-पाच पायऱ्या बांधायच्या, म्हणजे प्रत्येक पायरीवर पाण्याचा जोर मोडेल. उघडी पडलेली तांबडी पट्टी दगड-सिमेंटनं झाकायची. आणि सांडव्याच्या भिंतीचे सांधे भरून घ्यायचे. फार मोठं काम नाही. आपल्या वर्गणीत त्यातलं निम्मं होईल. उरलेल्यासाठी अर्ज करायचा आहे. अंदाजपत्रकाचा कागद फोटोशेजारी ठेवला आहे, ज्याला आकडे कळतात त्यानं तपासावा. गणितात माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवलेले इथे अकरा जण आहेत, यादी पाठ आहे माझी.

याचा परिणाम मी लपवणार नाही. काम झाल्यावर आज आहे तो धबधबा राहणार नाही. तीन पुरुष उंचीची ती एकच धार जाईल. तिच्या जागी दगडी पायऱ्यांवरून उतरणारं पाणी दिसेल, गुडघ्याएवढ्या उड्या मारत. लहान पोरांना बसायला बरं, आणि बुडायला खोल डोह नाही, हाही फायदाच. गेल्या काही वर्षांत त्या डोहानं लोकांना किती घाबरवलं आहे ते गावातल्यांना विचारा. पण काल जो फोटो तुम्ही घरी पाठवला आणि ज्याच्यावर ‘हे हिंगोलीत आहे?’ असं नातवंडांनी विचारलं, तसा फोटो पुन्हा मिळणार नाही. काल माझ्याच मुलीनं मला फोनवर सांगितलं, बाबा, एवढं सुंदर आहे ते, का मोडता? तिला मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. त्याचं सुंदर होणं आणि भिंतीचं खचणं या दोन गोष्टी नाहीत, एकच आहे. अजून दहा वर्षांनी तो आणखी उंच, आणखी देखणा होईल. आणि मग एका पावसाळ्यात तलावासकट जाईल, त्यानंतर तिथे ना पाणी ना धार.

गावात राहणाऱ्या मित्राच्या पोटापाण्याच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पायऱ्या-पायऱ्यांचं पाणी बघायला दोनशे गाड्या येतील का? कदाचित साठ येतील. टपरी चालेल, दहा घरं चालणार नाहीत. मी त्याला एवढंच म्हणालो की काम गावातल्याच पोरांकडून करून घेऊ, दगड लावायला आणि जाळी भरायला दोन-अडीच महिने माणसं लागतील. तो म्हणाला, दोन महिन्यानं काय होतंय? त्याचं बरोबर आहे. कमानीच्या पैशातून वर बांधाच्या कडेनं एक साधी फिरायची वाट आणि पक्षी बघायला बसायची जागा होऊ शकते. हिवाळ्यात तलावावर बदकं उतरतात हे निम्म्या जणांना माहीतच नाही, कारण सगळे पावसाळ्यात येतात आणि खालीच थांबतात. त्याला ही कल्पना फारशी आवडलेली नाही. पण त्यानं नाही असंही म्हटलेलं नाही.

नावाचा फलक लावायचाच असेल तर तो सांडव्याच्या भिंतीवर लावू. आपल्या तुकडीचं नाव नको. ‘१९७२-७३ च्या दुष्काळात या शिवारातल्या माणसांनी बांधला’ एवढं पुरे. काल धबधब्यावर भेटलेल्या कॉलेजच्या पोरांना मी विचारलं, हे पाणी कुठून येतं? म्हणाले, डोंगरातून. पन्नास पावलं वर चढून बघितलेलं नव्हतं कुणी. सहा जणांतल्या दोघांचे आजी-आजोबा याच गावचे.

आता वेळेचं. नाला दिवाळीनंतर आटतो, काम मार्चपर्यंत उरकलं पाहिजे, कारण त्यानंतर रानात वणव्याची भीती आणि माणसांना ऊन. रान वनखात्याचं आहे, तेव्हा त्यांच्या परवानगीशिवाय एक दगड हलवायचा नाही. रस्ता असा की गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीनं ठराव करायचा आणि मृदसंधारणाचं काम म्हणून वनखात्याकडूनच ते करून घ्यायचं, आपण पैसे त्यात घालायचे. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. आपलं पत्र त्याआधी गेलं पाहिजे. पत्रात फोटो जोडणार आहोत, १९७९ चा आणि कालचा, शेजारी शेजारी, आणि माझी मोजमापं. सरांनी मूळ फोटो द्यायची तयारी दाखवली, पण तो त्यांच्याकडेच राहू द्या, प्रत चालते.

ज्यांना कमानच हवी आहे त्यांनी सही करू नये, मी मनात धरणार नाही. वेगळं मत लिहायला खाली जागा सोडली आहे, तिथे लिहा, आणि नाव घाला. मैत्रिणीची सही झाली आहे, मराठीच्या बाईंचीही झाली. गुरुवारी पत्र घेऊन तालुक्याला जायचं आहे. गाडीत तीन जागा आहेत, सकाळी आठला शाळेच्या फाटकापाशी.